बुडवलेल्या फांद्या आणि घटलेले मासे: लिटल रॉक तलावाचे प्रकरण

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, हिमनद्या मागे हटताना तयार झालेल्या खळग्यांत, हजारो लहान-मोठे तलाव आहेत. गळाने मासे धरणे हा तिथल्या रहिवाशांचा जुना छंद आहे आणि या छंदासाठी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांवर अनेक गावांचा उदरनिर्वाह चालतो. त्यामुळे एखाद्या तलावात मासे लागेनासे झाले की काठावरच्या घरमालकांच्या बैठकीत एक उपाय हमखास पुढे येतो, तो म्हणजे झाडाच्या फांद्यांचे भारे बांधून तळाशी बुडवावेत, म्हणजे मासे येतील. मासे येतात, हे अनेकांनी पाहिलेले आहे. मात्र त्यामुळे तलावातील एकूण मासे वाढतात का, हा निराळा प्रश्न आहे. त्याचे सर्वांत बोलके उत्तर ज्या प्रयोगातून मिळाले, त्यात लाकूड पाण्यात टाकले गेले नव्हते, उलट पाण्यातून बाहेर काढले गेले होते.

प्रथम भारे बुडवण्याची रीत पाहू. विस्कॉन्सिनमध्ये तिचे रुजलेले रूप म्हणजे ओंडक्यांचा पिंजरा, ज्याला तिथले लोक ‘फिश क्रिब’ म्हणतात. सुमारे आठ फूट लांबीचे ओंडके चौकोनात एकावर एक आडवे-उभे रचतात, चारही कोपऱ्यांना भोके पाडून त्यांतून लोखंडी सळ्या घालतात आणि आतल्या पोकळीत पानाफांद्यांचा झाडोरा ठासून भरतात. हे काम ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या तलावाच्या बर्फावरच केले जाते, कारण त्या दिवसांत अवजड लाकूड होडीविना हव्या त्या जागी ओढून नेता येते. पिंजऱ्याला सिमेंटचे ठोकळे किंवा दगड बांधून ठेवले की वसंतात बर्फ वितळताच तो त्याच जागी खाली बसतो. होडीचा पंखा अडकू नये म्हणून वर पुरेसे पाणी राहील अशी खोल जागा निवडावी लागते आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची परवानगी घ्यावी लागते. ज्यांना एवढा खटाटोप झेपत नाही, ते सूचिपर्णी झाडाचा शेंडा किंवा छाटलेल्या फांद्यांची मोळी ठोकळ्याला बांधून होडीतून पाण्यात सोडतात. ओले लाकूड लवकर बुडते, सुके तरंगत राहते. ओक किंवा तत्सम कठीण लाकूड बरीच वर्षे टिकते, तर बारीक डहाळ्या काही हंगामांतच झडून जातात आणि मग उरलेल्या उघड्या खोडाजवळ पूर्वीइतके मासे थांबत नाहीत. भारा जितका गुंतागुंतीचा, तितका तो उपयोगी, कारण लहान माशाला अंग चोरता येईल आणि मोठ्या माशाला घुसता येणार नाही अशा फटींवरच त्याचे सारे मोल अवलंबून असते.

मासे त्याकडे का येतात, याची कारणे सरळ आहेत. बुडालेल्या लाकडावर काही आठवड्यांतच शेवाळ आणि सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर चढतो. त्या थरावर कीटकांच्या अळ्या आणि गोगलगायी चरतात, त्यांच्यामागे ब्लूगिल आणि क्रॅपीसारखे मध्यम आकाराचे मासे येतात, आणि या माशांवर डोळा ठेवून लार्जमाउथ बास हा शिकारी मासा सावलीत दबा धरतो. गळ टाकणाऱ्याला एवढे पुरेसे असते. पण एरवी तलावभर विखुरलेले मासे एका ज्ञात ठिकाणी गोळा झाले, तर ते पकडणेही तितकेच सोपे होते आणि साठा वाढण्याऐवजी लवकर उपसला जाण्याची शक्यता निर्माण होते. लग्नाच्या मांडवात जमलेली माणसे मोजून गावाची लोकसंख्या वाढली असे कोणी म्हणत नाही, तरी पिंजऱ्यांचे यश मोजताना नेमके हेच वर्षानुवर्षे केले गेले. पिंजऱ्याजवळ किती मासे दिसले याच्या नोंदी भरपूर झाल्या, परंतु संपूर्ण तलावात किती मासे आहेत, ते किती वेगाने वाढतात आणि काय खातात, हे पिंजरे टाकण्याआधी आणि नंतर मोजण्याचे कष्ट क्वचितच घेतले गेले.

मुळात तलावातले लाकूड गेले कुठे, हेही पाहायला हवे. वनाच्छादित प्रदेशातील तलावाच्या काठावर झाडे म्हातारी होऊन, वादळाने किंवा बीव्हर या प्राण्याने कुरतडल्यामुळे पाण्यात कोसळतात आणि तिथेच पडून राहतात. पाण्याखाली प्राणवायू कमी आणि तापमान थंड असल्याने त्यांचे कुजणे अतिशय मंद असते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात अल्गॉन्क्विन उद्यानातील एका तलावात पाण्यातल्या पांढऱ्या पाइनच्या खोडांचे वय वर्तुळांवरून काढले गेले, तेव्हा ते सरासरीने चारशे वर्षांहून अधिक भरले. अशा रीतीने शतकानुशतके साठत गेलेली ही ठेव काठावर बंगले उभे राहू लागताच नाहीशी होते. घरमालक होडीसाठी, पोहण्यासाठी आणि बहुधा केवळ नीटनेटकेपणाच्या हौसेने पडलेली खोडे ओढून काढतो, आणि काठावरची झाडे तोडल्यामुळे पुढे पडायलाही काही उरत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर विस्कॉन्सिन आणि लगतच्या मिशिगनमधील १६ तलावांच्या काठांवरची खोडे मोजली होती. वस्ती नसलेल्या तलावांत दर किलोमीटर काठामागे सरासरी ५५५ खोडे आढळली. वस्तीच्या तलावांतील झाडी राखलेल्या जागी हा आकडा ३७९ होता आणि प्रत्यक्ष घरांपुढच्या काठावर अवघा ५७. एकीकडे लोक तलावांत फांद्यांचे भारे बुडवत होते आणि दुसरीकडे तलावांच्या काठावरून लाकूड उचलून बाहेर फेकत होते. ही विसंगती मला या सगळ्या प्रकरणाचे मूळ वाटते.

घरे असलेल्या तलावांत मासे कमी असल्याचे दिसले, तरी त्याला लाकूडच जबाबदार आहे असे तेवढ्यावरून म्हणता येत नव्हते. तिथे मासेमारीही जास्त असते, सांडपाणी असते, पाणवनस्पती उपटलेल्या असतात. एकच गोष्ट बदलून बाकी सारे तसेच ठेवता येईल असा तलाव हवा होता, आणि तो व्हिलस काउंटीत उपलब्ध होता.

लिटल रॉक तलाव अवघा १८ हेक्टरांचा आहे. नदीनाला न मिळणारा, पाऊस आणि भूजल यांवर भरणारा हा तलाव मध्यभागी चिंचोळा असल्याने त्याची उत्तर आणि दक्षिण अशी दोन खोरी पडतात. त्याच्या काठावर घरे नाहीत आणि तो संशोधनासाठी राखलेला आहे. आम्लवर्षेचा माशांवर काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी १९८० च्या दशकात चिंचोळ्या भागात प्लॅस्टिकचा पडदा टाकून दोन्ही खोरी एकमेकांपासून तोडण्यात आली होती, आणि १९८५ ते १९९० या काळात उत्तरेकडच्या खोऱ्यात टप्प्याटप्प्याने गंधकाम्ल मिसळून पाण्याचा सामू (पीएच) सुमारे ६.१ वरून ४.७ पर्यंत खाली आणला गेला होता. दक्षिणेकडचे खोरे तुलनेसाठी जसेच्या तसे राखले होते. पुढे पाणी सावरले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सरोवरविज्ञान केंद्रातील ग्रेग सॅस, जेम्स किचेल, स्टीफन कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या जुळ्या खोऱ्यांत आपल्या प्रश्नासाठी हवी ती मांडणी आयतीच मिळाली.

२००२ च्या उन्हाळ्यात त्यांनी उत्तर खोऱ्याच्या काठालगतच्या उथळ पट्ट्यातून लाकूड बाहेर काढले. दर किलोमीटर काठामागे सुमारे ४७५ खोडे होती, ती १२८ वर आणली गेली, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश लाकूड गेले. एखाद्या तलावाकाठी बंगल्यांची रांग उभी राहायला जी दशके लागतात, त्यांचा परिणाम एका हंगामात घडवून आणण्याचा हा प्रकार होता. दक्षिण खोऱ्यात कशालाही हात लावला नाही. तलावात मुख्यत्वे दोन प्रकारचे मासे लक्षात घ्यायचे होते: शिकार करणारा लार्जमाउथ बास आणि त्याचे प्रमुख भक्ष्य असलेला यलो पर्च. गळाने मासे नेणारे कोणी नसल्यामुळे जे बदल होतील ते माणसाच्या भुकेमुळे झाले असा आक्षेप घेण्याची सोय राहिली नाही.

बदल वेगाने झाले. उत्तर खोऱ्यातील पर्च काही वर्षांत इतका कमी झाला की त्याचे अस्तित्व नावापुरतेच राहिले. त्यामागे दोन कारणे एकत्र आली होती. पर्चची पिल्ले खोडांच्या फटीत लपून बासपासून वाचत असत, आणि तो आसरा गेल्यावर ती उघड्यावर आली. शिवाय पर्च आपली अंडी लांबलचक चिकट पट्टीच्या रूपात पाण्यातील फांद्यांवर आणि काटक्यांवर गुंडाळून ठेवतो. तशा जागा उरल्या नाहीत, तेव्हा खाल्ल्या गेलेल्या माशांची भरपाई करणारी नवी पिढी पुरेशी आली नाही. भक्ष्य संपल्यावर बासच्या पोटात मासे सापडेनासे झाले आणि काठावरून पाण्यात पडणारे कीटक व इतर भूचर जीव यांवर त्याला गुजराण करावी लागली. हा आहार अनियमित आणि तुटपुंजा असल्यामुळे बासची वाढ मंदावली. दक्षिण खोऱ्यात या काळात असा उलथापालथीचा बदल दिसला नाही. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यातली लक्षात घेण्यासारखी बाब अशी की बास स्वतः लाकडाविना मेला नाही. तो शिकार करण्यात तात्पुरता यशस्वीच झाला, कारण त्याचे भक्ष्य उघड्यावर आले होते, आणि त्या यशानेच त्याचे पुढचे अन्न संपवले. पाण्यातील गुंतागुंतीचा झाडोरा शिकाऱ्याला मदत करतो असे गळवाले मानतात, ते एका दुपारपुरते खरे आहे. अनेक वर्षांच्या हिशेबात मात्र तो शिकाऱ्याला अडवतो आणि त्या अडवणुकीमुळेच भक्ष्य आणि शिकारी दोघेही टिकतात.

प्रयोग संपल्यानंतर निसर्गाने त्याची एका परीने पुनरावृत्ती केली. २००० च्या दशकात या प्रदेशात दीर्घ दुष्काळ पडला आणि लिटल रॉक तलावाची पातळी एक मीटरहून अधिक खाली गेली. नदीचा आधार नसलेल्या तलावात असे होणे स्वाभाविक असते. पाणी मागे सरकले तेव्हा तुलनेसाठी राखलेल्या दक्षिण खोऱ्यातील काठालगतची खोडे कोरड्यावर पडली. कोणीही ती हलवली नव्हती, तरी माशांच्या दृष्टीने तीन चतुर्थांशांहून अधिक लाकूड नाहीसे झाले होते. तिथेही पर्च रोडावला आणि बासची वाढ घटली. आधीच्या निष्कर्षावर एकच तलाव आणि एकच खोरे एवढाच आधार असल्याची टीका करता येत होती, ती यानंतर बरीच बोथट झाली. जिथे पाण्याची पातळी मोठ्या प्रमाणात खालीवर होते, तिथे काठाचे लाकूड असूनही नसल्यासारखे होऊ शकते, हा या दुष्काळाने दिलेला स्वतंत्र धडा आहे. धरणांच्या जलाशयांना तो तलावांपेक्षाही अधिक लागू पडतो.

लाकूड काढल्याने नुकसान होते, म्हणजे टाकल्याने तेवढाच लाभ होईल, असा तर्क कोणीही करील. तो तपासण्यासाठी त्याच काउंटीतील कॅम्प लेक या तलावात, लाकूड विरळ असलेल्या एका भागात, २००४ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर झाडे घालण्यात आली. तिथे माशांच्या वागण्यात फरक पडला आणि त्यांचा वावर नव्या लाकडाभोवती बांधला गेला. परंतु अभ्यासाच्या काही वर्षांत माशांच्या संख्येत किंवा वाढीत लिटल रॉकमधील घसरणीच्या तोडीची सुधारणा दिसली नाही. याचा अर्थ लाकूड निरुपयोगी आहे असा नाही. काठाला नव्याने पडलेल्या खोडावर आसरा तत्काळ मिळतो, पण रोडावलेले भक्ष्य पुन्हा उभे राहायला अनेक पिढ्या जाव्या लागतात, आणि त्या काळात शिकारी मासे उपाशी बसून वाट पाहत नाहीत. नुकसान दोन-तीन हंगामांत होते आणि भरपाई त्या गतीने होत नाही, हा असमतोल मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो. ज्या तलावात अजून पडलेली झाडे आहेत, तिथे ती न काढणे हे दुसरीकडे दहा पिंजरे बुडवण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

या निष्कर्षांच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. लिटल रॉकमधील माशांचे जग अत्यंत साधे आहे, त्यात एक प्रमुख शिकारी आणि एक प्रमुख भक्ष्य आहे. जिथे भक्ष्य माशांच्या अनेक जाती आहेत किंवा पाणवनस्पतींची दाट वाढ लाकडाचे काम करते, तिथे परिणाम सौम्य राहू शकतो. खडकाळ तळाच्या मोठ्या तलावांत वॉलआयसारखा मासा लाकडावर इतका अवलंबून नसतो. शिवाय लिटल रॉकचे पाणी पोषक द्रव्यांच्या दृष्टीने गरीब आहे, त्यामुळे तिथे अन्नसाखळीतील एखादी कडी तुटली तर तिची जागा घ्यायला दुसरी सहसा नसते.

भारतीय वाचकाला इथे आपल्याकडच्या पद्धती आठवतील. आसाममधील बीलांमध्ये, म्हणजे पाणथळ तलावांमध्ये, फांद्या आणि जलपर्णी रचून मासे गोळा करण्याची ‘कटाल’ पद्धत आहे, मणिपूरच्या लोकटाक सरोवरात तरंगत्या वनस्पतींची कडी करून त्यात मासे जमवतात, आणि केरळच्या कायलांत (समुद्रालगतच्या खाऱ्या-गोड्या जलाशयांत) पाण्यात फांद्या रोवून ‘पडल’ उभारतात. ही सारी उघडपणे मासे पकडण्याची साधने आहेत: ठरावीक काळ मासे जमू द्यायचे, मग जाळ्याने वेढून काढायचे. त्यांचा हेतू लपलेला नाही, म्हणून त्यांच्याविषयी गैरसमजही कमी आहे. महाराष्ट्रातील जलाशयांची स्थिती आणखी वेगळी आहे. इथे जाळी फाटतात म्हणून बुडालेली झाडे मच्छीमारांना नकोशीच असतात. कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, बाहेरून आणून सोडली जातात, त्यामुळे लाकडावर अंडी देण्याचा प्रश्न या जातींपुरता उद्भवत नाही. सोडलेली बोटुकली शिकारी माशांपासून वाचवण्यासाठी आसरा उपयोगी पडू शकतो, परंतु पावसाळ्यात भरणारा आणि उन्हाळ्यात तळाला जाणारा जलाशय काठाचे लाकूड वर्षातून काही महिनेच पाण्याखाली ठेवतो, आणि एप्रिल-मेमध्ये उघड्यावर आलेले लाकूड सरपणासाठी उचलले जाणारच. विस्कॉन्सिनचा नमुना इथे जसाच्या तसा आणण्यात अर्थ नाही.

विस्कॉन्सिनमध्ये मात्र या संशोधनाने धोरणाची दिशा बदलली. खोल पाण्यातील पिंजऱ्यांऐवजी काठालगत पूर्ण झाडे ठेवण्यावर भर दिला जाऊ लागला. या रचनेला तिथे ‘फिश स्टिक्स’ म्हणतात. हिवाळ्यात फांद्यांसह संपूर्ण झाडे बर्फावर ओढून आणतात, त्यांचा शेंडा तलावाच्या आत आणि बुंधा काठाला येईल अशी एकावर एक आडवीतिडवी रचतात आणि बुंधे तारेने काठावरच्या जिवंत झाडाला किंवा जमिनीत रोवलेल्या खुंटाला बांधतात. बर्फ वितळला की ती उथळ पाण्यात बसतात, जशी वादळात कोसळलेली झाडे बसली असती. ती काठापासून खोल पाण्यापर्यंत पसरलेली असल्यामुळे पातळी काहीशी घटली तरी त्यांचा काही भाग पाण्याखाली राहतो, जो फायदा काठाला समांतर पडलेल्या ओंडक्याला मिळत नाही. झाडे मात्र काठालगतच्या पट्ट्यातून तोडता येत नाहीत, ती आत जमिनीवरून आणावी लागतात, कारण काठावर उभे असलेले झाड हेच उद्याचे बुडीत लाकूड असते. राज्याच्या निरोगी तलाव योजनेतून तीन ते पाच झाडांच्या एका झुबक्यामागे १००० डॉलरपर्यंत अनुदान मिळते.

घरमालकांचा विरोध अजून संपलेला नाही. पिंजरा खाली बुडाला की दिसत नाही, फिश स्टिक्स मात्र खिडकीतून रोज दिसतात, त्यांत गळ अडकतात, आणि पोहायला उतरणारी मुले त्यांच्याजवळ जाऊ नयेत याची काळजी घ्यावी लागते. म्हणून अनेक तलावांवर दोन्ही मार्ग शेजारी-शेजारी वापरले जातात: गळवाल्यांच्या समाधानासाठी खोल पाण्यात भारे आणि माशांच्या पिल्लांसाठी उथळ काठाला झाडे. परवानगी मागणाऱ्या मंडळींनी यांपैकी आपल्याला काय हवे आहे ते अर्जापूर्वीच ठरवले आणि काम सुरू करण्याआधी काठावरची खोडे, माशांची संख्या, त्यांची लांबी व पोटातील अन्न यांची नोंद केली, तर काही वर्षांनी तिथे केवळ मासे जमले की खरोखर वाढले, हे सांगता येईल.